मदतनीस यंत्रे आणि माणसाच्या मनावरचा भार

विमानाचा कॉकपिट, तेलशुद्धीकरण कारखान्याचा नियंत्रण कक्ष, रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग किंवा लोकल गाडीतील मोटरमनची केबिन, अशा सर्व ठिकाणी गेल्या अर्धशतकात माणसाच्या हातातली पुष्कळ कामे यंत्रांकडे गेली आणि उरलेल्या कामांत त्याला हातभार लावण्यासाठी इशारे देणारी, हिशेब करणारी, सल्ला देणारी आणि प्रसंगी परस्पर कृती करणारी साधने आली. या साधनांना साहाय्यक प्रणाली म्हणतात, आणि त्यांच्या खरेदीच्या समर्थनार्थ बहुधा एकच कारण पुढे केले जाते, ते म्हणजे माणसावरचा ताण कमी होतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. यंत्रामुळे शारीरिक श्रम घटतात यात शंका नाही. मानसिक भार मात्र सहसा नाहीसा होत नाही, तो प्रत्यक्ष काम करण्याकडून कामावर नजर ठेवण्याकडे सरकतो आणि पुष्कळदा सोप्या तासांतून उठून नेमक्या कठीण मिनिटांवर येऊन पडतो.

मानसिक भार म्हणजे एखादे काम माणसाकडून जेवढे लक्ष, स्मरण आणि निर्णयशक्ती मागते ती मागणी आणि त्या वेळी त्याच्याजवळ असलेली क्षमता यांचा परस्परसंबंध होय. त्यामुळे एकच काम नवशिक्याला जड जाते, मुरलेल्या माणसाला हलके वाटते आणि त्याच मुरलेल्या माणसाला रात्रपाळीच्या शेवटच्या तासात पुन्हा जड होते. हा भार वजनकाट्यावर मोजता येत नसल्याने संशोधकांनी वेगवेगळे मार्ग शोधले. 1966 साली डॅनियल काह्नमन आणि जॅक्सन बीटी यांनी दाखवून दिले की, लक्षात ठेवायचा एकेक अंक कानावर पडत जातो तशी ऐकणाऱ्याच्या डोळ्याची बाहुली विस्फारत जाते आणि तेच अंक तो म्हणून दाखवू लागला की ती पुन्हा आकसत जाते. दुसरा मार्ग असा की, मुख्य काम चालू असताना माणसाला एखादे किरकोळ दुय्यम काम द्यायचे आणि ते किती बिघडते यावरून मुख्य कामाने त्याच्याजवळ काय शिल्लक ठेवले आहे ते ताडायचे. सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत मात्र साधी प्रश्नावली आहे: नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील सँड्रा हार्ट आणि त्यांचे सहकारी लॉवेल स्टेव्हलँड यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या या प्रश्नावलीत काम करणाऱ्यालाच विचारले जाते की, या कामाने डोके किती खर्च झाले, अंगमेहनत किती पडली, घाई किती होती, काम कितपत साधले, त्यासाठी जोर किती लावावा लागला आणि वैताग किती आला. वैतागाला या यादीत स्थान मिळाले ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण वाईट रीतीने बनवलेल्या मदतनिसाचा पहिला पुरावा बहुधा तिथेच सापडतो.

साहाय्यक प्रणालींनी खरी मदत केलेली क्षेत्रे थोडी नाहीत. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत एकेकाळी दोन वैमानिकांखेरीज इंजिने, इंधन आणि वीजपुरवठा यांच्या तबकड्यांवर लक्ष ठेवणारा उड्डाण अभियंता बसत असे; 1989 साली सेवेत आलेल्या बोइंग 747-400 या विमानात त्याचे देखरेखीचे काम संगणक करू लागले आणि कॉकपिटमध्ये दोघेच उरले, तरी विमानप्रवासाची सुरक्षितता त्यानंतर वाढतच गेली. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळून 349 माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतर भारताने टक्कर टाळण्याचा सल्ला देणारी यंत्रणा विमानांत सक्तीची केली. समोरून येणाऱ्या विमानाची उंची आणि वेग पाहून 'वर जा' किंवा 'खाली या' एवढेच सांगणारी ही यंत्रणा वैमानिकाच्या डोक्यातला एक अवघड हिशेब काही सेकंदांत संपवते. काम नेमके ठरलेले असावे, उत्तर एकच असावे आणि विचार करायला वेळ नसावा, अशा जागी यंत्राने माणसाचा भार उचलणे हेच योग्य.

तरीही याच क्षेत्रातून पहिली गंभीर शंका पुढे आली. मायामी विद्यापीठातील संशोधक अर्ल वीनर यांनी 1980 च्या दशकात नव्या, संगणकीकृत विमानांच्या वैमानिकांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांना असे आढळले की, यंत्राची मदत समुद्रावरून शांतपणे उडत असताना, म्हणजे काम मुळातच कमी असताना, भरपूर मिळते. पण विमानतळ जवळ आल्यावर आयत्या वेळी धावपट्टी बदलली गेली, तर ज्या क्षणी डोळे बाहेर हवेत त्याच क्षणी वैमानिकाला मान खाली घालून संगणकात नवे आकडे भरत बसावे लागते. अशा यंत्रणेला त्यांनी अजागळ स्वयंचलन म्हटले. हे यंत्र आत्ता काय करते आहे, असे का करते आहे आणि आता पुढे काय करणार आहे, हे तीन प्रश्न वैमानिक कॉकपिटमध्ये वारंवार विचारतात, असेही त्यांनी नोंदवले. यंत्राच्या मनात काय चालले आहे ते ओळखण्याचे हे काम पूर्वी अस्तित्वातच नव्हते; ते मदतीबरोबर आले.

नजर ठेवण्याचे काम हलके असते हा दुसरा गैरसमज, आणि तो त्याहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतील रडारवर शत्रूच्या पाणबुड्यांचे ठिपके शोधणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नजरेतून काही वेळाने ते ठिपके निसटू लागत, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग रचला. आकडे आणि खुणा नसलेल्या पांढऱ्या तबकडीवर एक काटा दर सेकंदाला एक छोटी उडी मारत असे आणि क्वचित कधीतरी एकदम दुप्पट उडी घेत असे. समोर बसलेल्या माणसाने दोन तास ती दुप्पट उडी तेवढी टिपायची होती. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टिपण्याची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच ठळकपणे घसरली. माणूस आळशी होता असे नव्हे. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत सतत सावध राहणे हे मेंदूला खरोखरच कष्टाचे काम आहे, आणि नंतरच्या अभ्यासांत वर सांगितलेल्या प्रश्नावलीवर अशा कामाचा भार चांगलाच जड भरला. बाहेरून पाहणाऱ्या वरिष्ठाला मात्र तो माणूस नुसता बसलेला दिसतो.

या सर्वांची तर्कशुद्ध मांडणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील लिझॅन बेनब्रिज यांनी 1983 साली एका छोट्या लेखात केली, आणि या विषयातले त्याहून नेमके लेखन आजही क्वचितच सापडते. त्यांचे म्हणणे असे की, माणूस चुकतो म्हणून आराखडा करणारा त्याच्याकडून काम काढून घेतो; पण जे काम यंत्राला शिकवणे त्याला जमले नाही, ते मात्र त्याच चुकणाऱ्या माणसाकडे ठेवतो. मग यंत्र नीट चालले आहे की नाही हे पाहत बसण्याचे, म्हणजे माणसाला सर्वांत कमी जमणारे काम त्याच्या वाट्याला येते. रोजचा सराव सुटल्याने त्याचा हात बोथट होतो. आणि यंत्र हात टेकते तेव्हा परिस्थिती नेहमीपेक्षा बिकट असते, म्हणून नेहमीपेक्षा अधिक कौशल्य लागेल त्या घडीला कमी सरावाचा माणूस एकदम पुढे ढकलला जातो.

26 वर्षांनी घडलेल्या एका अपघातात हे सारे जसेच्या तसे दिसले. रिओ दि जानेरोहून पॅरिसकडे निघालेले एअर फ्रान्सचे 447 क्रमांकाचे एअरबस ए-330 विमान 1 जून 2009 रोजी अटलांटिक महासागरावर सुमारे 35,000 फुटांवरून जात होते, कॅप्टन नेमून दिलेल्या विश्रांतीसाठी मागे गेले होते आणि पुढे दोन सहवैमानिक होते. हवेचा दाब घेऊन वेग मोजणाऱ्या, पिटो नळ्या नावाच्या बारीक नळ्यांत बर्फाचे स्फटिक साचले, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा हे न कळल्याने ऑटोपायलटने जागतिक प्रमाणवेळेनुसार 2 वाजून 10 मिनिटांनी काम सोडले. त्याच वेळी विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर जाऊ न देणारे संगणकीय संरक्षणही गळून पडले. साडेतीन तासांहून अधिक काळ हाताला फारसे काम नसलेल्या वैमानिकांवर अंधारात, ढगांत, एकदम उड्डाणाचा सगळा भार आला. तोही कमालीच्या विरळ हवेत, जिथे विमान हाताने उडवण्याची वेळ त्यांच्यावर जवळजवळ कधी येत नाही. नियंत्रण हाती असलेल्या वैमानिकाने नाक वर उचलले, विमान सुमारे 38,000 फुटांपर्यंत चढले, वेग हरवून बसले आणि पंखांवरची उचल संपून कोसळू लागले. या अवस्थेला स्टॉल म्हणतात, आणि तिच्यातून सुटण्याचा उपाय म्हणजे नाक खाली करणे.

स्टॉलचा इशारा सलग 54 सेकंद वाजत राहिला, तरी ध्वनिमुद्रणात त्याविषयी कोणी काही बोलल्याचे आढळत नाही. कान बंद नव्हते, पण लक्ष संपले होते. भार कमाल मर्यादेला पोहोचला की ऐकू येणेही थांबू शकते, हे प्रयोगशाळांतूनही दिसलेले आहे. त्याहून क्लेशदायक भाग पुढचा आहे. मोजलेला वेग 60 नॉटच्या खाली गेला की संबंधित आकडे अग्राह्य मानून इशारा बंद करायचा, अशी संगणकाची रचना होती. त्यामुळे विमान सर्वांत वाईट अवस्थेत असताना इशारा थांबला आणि नाक थोडे खाली आणताच वेग पुन्हा मोजता येऊ लागून तो सुरू झाला, म्हणजे योग्य कृती केली की यंत्र ओरडे आणि चुकीची कृती केली की गप्प राही. बर्फामुळे बिघडलेले वेगाचे मापन सुमारे मिनिटभरातच पूर्ववत झाले होते, विमान शेवटपर्यंत उडण्याजोगे होते. तरी ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत ते समुद्रावर आदळले आणि 228 जण मृत्युमुखी पडले. फ्रान्सच्या अपघात अन्वेषण संस्थेने जुलै 2012 मध्ये दिलेला अंतिम अहवाल वैमानिकांच्या चुका लपवत नाही, पण त्या चुका कोणत्या परिस्थितीत घडल्या हेही तो तितक्याच सविस्तरपणे सांगतो, आणि म्हणून तो वाचनीय आहे.

कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत हाच प्रश्न इशाऱ्यांच्या पुराच्या रूपाने येतो. 24 जुलै 1994 रोजी, रविवारी सकाळी, वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर विजांचे वादळ झाले, प्रक्रिया विस्कळीत झाली आणि ती सावरताना एक झडप प्रत्यक्षात बंद असूनही पडद्यावर उघडी दिसत राहिली. पात्रात द्रव येत होता आणि बाहेर जायला वाट नव्हती. कित्येक तास ही अवस्था चालू राहिली आणि दुपारी स्फोट झाला, 26 जण जखमी झाले. सुट्टीचा दिवस असल्याने आवारात माणसे कमी होती म्हणून प्राणहानी टळली. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर 275 इशारे आले, म्हणजे सरासरी दर अडीच सेकंदांना एक, किंबहुना त्याहून थोड्या अधिकच वेगाने ते येत होते. प्रत्येक इशारा वाचायचा, कळ दाबून तो पाहिल्याची नोंद करायची आणि त्यावर कृती करायची, असे त्यांचे काम होते. त्यातला कोणता इशारा जीवघेणा आणि कोणता किरकोळ हे सांगणारी धड क्रमवारी नव्हती, आणि संपूर्ण प्रक्रियेत किती द्रव आत येतो आणि किती बाहेर जातो हे एका नजरेत दाखवणारा पडदाही नव्हता. अशा अवस्थेत इशाऱ्याची कळ दाबत राहणे हेच मुख्य काम होऊन बसते आणि विचार करायला उसंत राहत नाही.

याआधी 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातही पहिल्या काही मिनिटांत शंभरांहून अधिक इशारे वाजले होते, आणि तिथेही गोंधळाच्या मुळाशी एक झडप होती. ती उघडीच अडकली होती, पण पॅनेलवरचा दिवा बंद झाला होता, कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला बंद होण्याचा विद्युत आदेश गेला एवढेच तो दाखवत होता. आदेश आणि प्रत्यक्ष स्थिती यांत फरक न करणारा दिवा हा मदतनीस नव्हे. तो माणसाला चुकीच्या निष्कर्षावर ठाम करतो आणि मग खरे कारण शोधण्याचा भार कितीतरी पटींनी वाढवतो.

या अनुभवांतून उद्योगांनी काही मोजपट्ट्या ठरवल्या. ब्रिटनमधील अभियांत्रिकी साधने वापरणाऱ्यांच्या संघटनेने 1999 साली काढलेल्या आणि आज जगभर आधाराला घेतल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेनुसार कारखाना सुरळीत चालू असताना एका कर्मचाऱ्यासमोर दहा मिनिटांत सरासरी एकापेक्षा जास्त इशारा येऊ नये आणि मोठा बिघाड झाल्यावरही पहिल्या दहा मिनिटांत दहाहून अधिक येऊ नयेत. रुग्णालयांत ही शिस्त उशिरा पोहोचली. रुग्णाने कूस बदलली, छातीवरची पट्टी सैल झाली तरी मॉनिटर वाजतो, परिचारिकेला दिवसभरात असे शेकडो आवाज ऐकावे लागतात आणि त्यांतले बहुसंख्य निरर्थक असल्याने खरा आवाज त्यांत बुडून जातो. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात तिच्याकडे नोंदवलेल्या इशाऱ्यांशी संबंधित 98 दुर्घटनांपैकी 80 मध्ये रुग्ण दगावल्याचे 2013 साली जाहीर केले.

रेल्वेचा विचार महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळचा वाटेल. ब्रिटनमध्ये अनेक दशके वापरात असलेल्या इशारा यंत्रणेत सिग्नल हिरवा असेल तर घंटा वाजते आणि हिरवा नसेल तर भोंगा. मात्र दुहेरी पिवळा, पिवळा आणि लाल या तिन्हींना भोंगा एकच. गजबजलेल्या मार्गावर चालक तो भोंगा दिवसातून असंख्य वेळा कळ दाबून बंद करतो आणि ही कृती हळूहळू विचाराशिवाय होऊ लागते. 5 ऑक्टोबर 1999 रोजी लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह येथे लाल सिग्नल ओलांडून गेलेल्या गाडीच्या चालकाने इशाऱ्याची कळ दाबली होती, तरी गाडी पुढे गेली. त्यानंतर झालेल्या टकरीत 31 जण ठार झाले. तोच सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे दोष एकट्या माणसात शोधणे किती अपुरे आहे ते कळते.

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमन पुढच्या केबिनमध्ये एकटा असतो आणि गार्ड शेवटच्या डब्यात. काही मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या गाड्या, ओळीने येणारे सिग्नल आणि रूळ ओलांडणारी माणसे यांवर डोळ्यांच्या एकाच जोडीने लक्ष ठेवायचे असते. मोटरमनच्या हाताखालची डेड मॅन हँडल नावाची मूठ दाबलेली ठेवावी लागते, ती सुटली की ब्रेक लागतात; शिवाय रुळांजवळच्या साधनांतून केबिनमध्ये सिग्नलचा इशारा पोहोचवणारी आणि तो पाळला न गेल्यास गाडी थांबवणारी ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम या मार्गांवर अनेक वर्षे आहे. नुसते वाजून थांबणाऱ्या यंत्रणेपेक्षा चूक झाल्यावर गाडी थांबवणारी यंत्रणा निश्चितच श्रेष्ठ, आणि 2020 साली राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलेली 'कवच' ही प्रणाली त्याच जातीची आहे: ती पुढच्या सिग्नलची स्थिती केबिनमध्येच दाखवते, त्यामुळे धुक्यात डोळे ताणून बसण्याचा भार खरोखर कमी होतो, आणि वेगमर्यादा मोडली गेल्यास स्वतः ब्रेक लावते. लांब पल्ल्याच्या इंजिनांतील दक्षता यंत्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. लोको पायलटने साधारण मिनिटभर कोणतीही हालचाल केली नाही तर ते दिवा आणि आवाजाने विचारणा करते आणि उत्तर न मिळाल्यास गाडी थांबवते. ते माणूस शुद्धीवर आहे की नाही हे तपासू शकते, त्याचे लक्ष सिग्नलवर आहे की नाही हे नाही.

लक्ष जागे ठेवण्याचा सर्वांत चांगला उपाय मात्र भारतीय रेल्वेत यंत्राविनाच चालत आला आहे. लोको पायलट आणि त्याचा सहायक येणारा प्रत्येक सिग्नल हात दाखवून मोठ्याने एकमेकांना सांगतात. जपानी रेल्वेत अशीच बोट दाखवून उच्चार करण्याची प्रथा आहे आणि तेथील रेल्वे तंत्र संशोधन संस्थेच्या 1994 सालच्या चाचणीत या पद्धतीने साध्या कामातील चुका सुमारे एक षष्ठांशावर आल्या. या पद्धतीत काम किंचित वाढते, पण माणूस कामात गुंतलेला राहतो, आणि चांगल्या साहाय्याची कसोटी हीच आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी 2013 मध्ये विमान कंपन्यांना, योग्य परिस्थितीत वैमानिकांना विमान हाताने उडवण्यास उत्तेजन द्या, अशी सूचना केली तीही याच जाणिवेतून.

महाराष्ट्रात औष्णिक केंद्रे, रासायनिक कारखाने, मेट्रो आणि मोठी रुग्णालये येत्या काळात अशा प्रणालींवर बराच पैसा खर्च करतील. प्रात्यक्षिक सहसा दुपारी, सगळे सुरळीत चालू असताना, वरिष्ठांसमोर दाखवले जाते आणि त्यावरून निर्णय होतो. खरेदी करणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी तीच प्रणाली रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसमोर, एकाच वेळी दोन-तीन बिघाड घडवून, दहा मिनिटे चालवून पाहावी, त्या दहा मिनिटांत किती इशारे आले ते मोजावे, आणि काम करणाऱ्यांना वैताग किती आला हे त्यांनाच विचारून लेखी नोंदवावे.